शिक्का असलेलं पोतं

आक्का मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांच्या तोंडात गुरांची गोळीपेंड होती.

मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. नुकतीच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि भिंगारहून दोन रिक्षा बदलून नगरच्या एमआयडीसीच्या मागच्या बाजूला पोचले होते. पत्र्याची लांबलचक शेड, आतून मक्याच्या भरड्याचा आणि मळीचा गोडसर, जड वास. शेडच्या दाराशी एक ठेंगणी बाई उकिडवी बसली होती. पदर कमरेला खोचलेला, केसांवर भुसा. तळहातावरच्या चार गोळ्या तिनं तोंडात टाकल्या, डोळे मिटून चावल्या, थोडा वेळ तशीच थांबली आणि बाजूला थुंकली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाला वास येतो का?"

"कशाचा?"

"कशाचाबी."

"येतो."

"मंग या उद्यापासून."

कारखान्याच्या मालकीणबाई त्याच, हे मला आत गेल्यावर कळलं. सगळे त्यांना आक्का म्हणत. मी तिथं काही वर्षं काढली, त्यांच्या लहानशा लॅबमध्ये ओलावा, प्रथिनं, बुरशी तपासत. पण माझ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास जीभ लावल्याशिवाय बसायचा नाही. प्रत्येक घाण्याचा माल त्या चाखायच्या. डॉक्टरांनी पोटासाठी बंद करायला सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "गाईचं पोट बिघडल्यावर तुमच्याकडं येती का ती?"

एवढी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. पावसाळी हवा पडली की गोदामात शिरून पोत्यांच्या थप्प्यांमध्ये कोपरापर्यंत हात घालायच्या. कुठं ऊब लागली की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. आतून गरम झालेलं पोतं म्हणजे बुरशी. नव्या ठिकाणाहून सरकी आली की दोन दिवस जेवण जायचं नाही. कौतुकाची तर विशेष भीती. एकदा एक शेतकरी मुद्दाम पेढे घेऊन आला, तुमच्या पेंडीनं दूध वाढलं म्हणाला. तो गेल्यावर आक्का माझ्याकडे वळल्या. "का वाढलं? आपन काय येगळं घातलंय का? बघा बरं."

फोनचं तर विचारूच नका. मोबाईल कायम हातात, पण वाजला की उचलायच्या नाहीत. जवळ जो असेल त्याच्या हातात द्यायच्या आणि बोलणं चालू असेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. जवळ कुणी नसलं तर फोन वाजून वाजून बंद पडायचा आणि त्या तो टेबलावर पालथा ठेवायच्या.

मी एकदा न राहवून विचारलं, "आक्का, एवढं कशाला भिता? आपला माल चांगला आहे."

"चांगला हाय त्यो आजचा," त्या म्हणाल्या. "मानसाला शंका आली तर ताट सारतं. जनावर न्हाई सारत. दावनीत घातलं की खातं. त्याचं भ्या वाटतं मला."

त्यांच्या मालाचं नाव 'ढवळी'. पोत्यावर कपाळाला लाल टिळा लावलेली पांढरी गाय. नाव आणि चित्र दोन्ही रीतसर रजिस्टर केलेली, नावाशेजारी तो बारीक गोल आर छापलेला. ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र मात्र केबिनमध्ये नाही, गोदामाच्या भिंतीवर टांगलेलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोत्यांनाबी कळू दे, कुनाचं नाव घेऊन चालल्यात."

नेवाशाचे डीलर भाऊसाहेब महिन्यातून एकदा यायचे. गोल, हसरा, गडबड्या माणूस. आक्कांना ते धाकट्या भावासारखे. चहा होईपर्यंत त्यांचा एकच विषय.

"आक्का, आयएसआयचा शिक्का छापा आता. लोकं इचारत्यात. बाकीच्या पोत्यांवर असतो."

"तपासून घेतला का त्यांनी? मंग असनार."

"आवो पन तुमचं सरकारकडं रजिस्टर हाय की! त्यो गोल आर छापताच. त्याच्या शेजारी आजून एक छापायचा. कोन बघतंय?"

हे ऐकलं की आक्का कप खाली ठेवायच्या. "भाऊसाहेब, सरकारनं माझ्या नावाला कागद दिलाय. हे नाव हिचं, दुसऱ्यानं वापरायचं न्हाई, एवढंच त्यात हाय. माल चांगला का वाईट, त्या कागदाला काय ठावं? उद्या मी पोत्यात माती भरली तरी नाव माझंच ऱ्हाईल. शिक्क्याचं तसं न्हाई. शिक्का माझा न्हाईच, त्यो तपासनाऱ्याचा. माझा माल त्याच्या मापात बसला तर त्यो मला वापरू देनार. माझ्या शेजाऱ्याचा बसला तर त्यालाबी देनार."

"म्हंजे दोघांच्या पोत्यावर एकच?"

"व्हय. नाव येगळं, शिक्का एक. आन् ज्याचा शिक्का त्यानं पेंड इकायची न्हाई. पेंड इकनाऱ्यानं आपला आपन शिक्का मारायचा न्हाई. आई लेकराला गुटगुटीत म्हन्ती, आन् डॉक्टर तपासून म्हन्तो. आईनं डॉक्टरची सही केली तर?"

भाऊसाहेब हसायचे. "मंग घ्या की डॉक्टरचा दाखला."

इथं आक्का उठून घाण्याकडे जायच्या. पशुखाद्याला तेव्हा तो शिक्का सक्तीचा नव्हता, ज्याला हवा त्यानं घ्यावा. आमचा माल पास झाला असता, हे मला ठाऊक होतं. पण आक्कांची हिंमत होत नव्हती. भाऊसाहेब गेल्यावर मला म्हणाल्या, "दाखला मिळाला तर त्यो सांभाळावा लागतो. ते कधीबी येऊन तपासनार, दुकानातून पोतं उचलून न्हेनार. येक दिस नापास झालं तर? आत्ता मी माझ्याच डोळ्यांना भिते. मंग दुसऱ्याच्याबी भ्यायचं."

ते सगळं घडलं त्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये होते. आधी हॉर्न ऐकू आला, सलग, न थांबणारा. मग फाटकावर धाडधाड आवाज. खिडकीतून पाहिलं तर बाहेर एक टेम्पो उभा होता आणि त्याच्याभोवती माणसं. टेम्पोच्या हौद्यात गाय आडवी पडलेली. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, चारही पाय ताठ, तोंडाशी वाळलेला फेस.

आमचे हमाल मागच्या दारानं पांगले. अकाउंटंटनं केबिनला आतून कडी लावली आणि मला खिडकीतून ओरडून सांगितलं, पोलिसांना फोन करा, फाटक उघडू नका. एक दगड पत्र्यावर येऊन आदळला. पत्र्याच्या शेडमध्ये दगडाचा आवाज किती मोठा होतो, हे मला तेव्हा कळलं.

आक्का घाण्यापाशी होत्या. त्यांच्या मुठीतल्या गोळ्या एकेक करून खाली पडत होत्या आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "आलं. आलं शेवटी."

मग त्या फाटकाकडे चालू लागल्या. मी हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि स्वतः अडसर काढला.

माणसं आत घुसली. पुढं एक म्हातारा शेतकरी, मागं त्याची सून, अंगावर शेणानं माखलेली साडी, रडून डोळे सुजलेले. बाकी गावातले तरुण, एकाच्या हातात पहार. म्हाताऱ्यानं अर्धं भरलेलं पोतं आक्कांच्या पायाशी टाकलं. वर आमची ढवळी. कपाळाला लाल टिळा.

"तीन गाई," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "काल सांच्याला घातली. सकाळपातूर तिन्ही."

"एकीची तर सकाळची धारबी काढायची हुती," सून म्हणाली. "हातात चरवी घेऊन गेले मी."

पहार घेतलेला पुढं सरकला. "ह्या बाईला टाका त्या टेम्पोत!"

आक्का त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांनी सुनेचा हात धरला. "थरथरत हुत्या का? फेस आला का? किती येळात?" सून सांगत गेली. आक्कांचा पुढचा प्रश्न मला आजही तसाच ऐकू येतो. "ही पोती आजून कुनाकुनाच्या गोठ्यात हायती?"

एका पोरानं गावात फोन लावून पाहिला, लागला नाही. तो प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. सकाळची वेळ होती. धारा झाल्या की गावात पेंड घालतात.

मी पोत्याशी गुडघे टेकले होते. पोत्याचं तोंड उघडताच नाकाला झिणझिणी आली. अमोनिया. प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून युरिया भरमसाट मिसळलेला. आमच्या कुठल्याही घाण्याला असा वास येणं शक्य नव्हतं. पण आमच्याकडून चूक झालीच नसेल हे मी कशावरून म्हणणार? पोतं पालथं केलं आणि खालच्या कोपऱ्यात मला ते दिसलं.

"आक्का," मी ओरडले, "ह्याच्यावर शिक्का आहे!"

गाईच्या चित्राखाली आयएसआयचा शिक्का, वर-खाली आकडे, अगदी खऱ्यासारखा.

"आपण शिक्का कधी घेतलाच नाही. हे आपलं पोतंच नाही! कुणीतरी आपलं नाव छापलंय आणि भाव यावा म्हणून वर शिक्काही छापलाय."

मला वाटलं, सुटलो. आक्कांच्या तोंडावर मात्र सुटका दिसली नाही. त्या शिक्क्याकडे साप दिसावा तशा बघत होत्या.

"नाव तर तुमचंच हाय!" पहारवाला म्हणाला.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "नाव माझंच हाय. चोरीला गेलं तरी माझंच. तुमी नाव बघूनच घेतलं ना?" मग माझ्याकडे वळून, "गाडी काढायला सांगा. डॉक्टरला फोन लावा."

युरिया म्हटल्यावर गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, मी निघतो, तोवर जमेल तेवढं व्हिनेगर गोळा करा, गार पाण्यात मिसळून पाजा. आमची पिकअप नेवाशाच्या रस्त्याला लागली. पुढं त्यांचा टेम्पो, आणि त्याच्या फळीवरून बाहेर आलेला तो ताठ पाय. पूर्ण रस्ताभर मला दुसरं काही दिसलं नाही. आक्का माझ्या शेजारी बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरून होत्या.

वाटेत दिसेल त्या चायनीजच्या गाडीशी आक्कांनी पिकअप थांबवली. गाड्या बंद, मालक मागं भांडी घासत बसलेले. आक्का उतरून व्हिनेगरच्या बाटल्या अक्षरशः ओढून घ्यायच्या. "गाईला पायजे, गाईला." एक जण वेड्या बाईकडे बघावं तसा बघत राहिला आणि मग त्यानंच पूर्ण कॅन उचलून आणून दिला.

प्रवरेकाठचं ते गाव मोठं होतं, वस्त्या लांब लांब पसरलेल्या. घरोघर पोचेपर्यंत उशीर झाला असता. मारुतीच्या देवळात भोंगा होता. आक्का, ज्या स्वतःचा फोन उचलायच्या नाहीत, त्यांनी पुजाऱ्याच्या हातातून माईक घेतला.

"ऐका. मी ढवळी पेंडवाली बोलतीया. ढवळीच्या पोत्यावर आयएसआयचा शिक्का बघा. शिक्का आसंल तर ते पोतं इख हाय. दावनीतली पेंड काढा. शिक्का नसंल तर भ्यायचं कारन न्हाई. शिक्का आसंल तर इख!"

देवळाच्या पायरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "उलटंच सांगती का काय बाई? शिक्का नसलेलं टाकायचं ना?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. तेच शब्द, तसेच. आवाज चिरकला, पण थांबल्या नाहीत. मी ऐकत होते आणि मला जाणवत होतं की जो शिक्का मिळवायला त्या एवढ्या भीत होत्या, त्याच शिक्क्याला आता त्यांच्याच तोंडून विष म्हणावं लागत होतं.

मग आम्ही गोठ्यांमागून गोठे हिंडलो. काही ठिकाणी पेंड घातलेलीच नव्हती. एका ठिकाणी पोहोचलो तेव्हा म्हैस खाली बसली होती ती उठली नाही. म्हाताऱ्याच्या गोठ्यात मेलेल्या गाईंच्या पलीकडे एक कालवड खुंट्याशी थरथरत उभी होती, तिनं थोडीच खाल्ली असावी. डॉक्टर येईपर्यंत आक्कांनी तिचं तोंड उघडून धरलं आणि सुनेनं बाटली ओतली. कालवडीनं डोकं झटकलं, आक्कांच्या मनगटातून रक्त आलं, पण त्यांनी जबडा सोडला नाही. दुपारनंतर कालवडीचं थरथरणं कमी झालं. सुनेनं आक्कांना पाणी दिलं.

पोती भाऊसाहेबांकडून घेतलेली निघाली; नेवाशातलं त्यांचं दुकान बंद होतं. शटर खालून दोन वीत वर होतं आणि आत उजेड होता. आक्का वाकून आत गेल्या, मी मागोमाग. भाऊसाहेब पोत्यांच्या थप्पीमागं जमिनीवर बसले होते. थप्पीतल्या प्रत्येक पोत्यावर ढवळी, आणि प्रत्येक ढवळीखाली शिक्का.

"आक्का, मला ठावं नव्हतं," ते रडायला लागले. "त्यो मानूस म्हनला, तुमच्याच कारखान्याचा नवा माल हाय, आक्कांना शिक्का मिळाला. मला वाटलं, एवढी वर्सं मी मागं लागलोय, घेतला असंल तुमी."

"मला इचारायचं हुतं!" आक्का पहिल्यांदाच ओरडल्या. "एकदा तरी मला इचारायचं हुतं!"

भाऊसाहेबांनी डोळे पुसले. "केल्ता फोन. दोनदा केल्ता. तुमी कुठं उचलता, आक्का?"

आक्कांनी थप्पीला हात टेकला. मला भीती वाटली की त्या खाली कोसळतील. पण त्यांनी एवढंच म्हटलं, "चला, पोलिसात. दोघंबी जाऊ."

पुढं तो बनावट माल भरणारा माणूस सापडला. एका भाड्याच्या गोदामात तो नावं आणि शिक्के दोन्ही छापायचा. पोत्यावरच्या शिक्क्याचा नंबर तपासला तर तो भलत्याच कुणाचा तरी, पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्याचा निघाला. खटला अजून चालू आहे. नाव चोरल्याबद्दल आक्कांनी दावा लावायचा, आणि शिक्क्याबद्दल ज्यांचा शिक्का त्यांनी, असं वकिलांनी समजावलं. आक्का त्यांना म्हणाल्या, "गाईंबद्दल कोन लावनार?"

त्या दिवसानंतर त्या फोन स्वतः उचलायला लागल्या. प्रत्येक वेळी आधी डोळे मिटायच्या, मग उचलायच्या. आणि एका सोमवारी माझ्या लॅबमध्ये येऊन म्हणाल्या, "केमिस्टबाई, शिक्क्याचा अर्ज करा. माझं नाव मला एकटीला राखता येत न्हाई."

तपासणीला अधिकारी आले त्या दिवशी आक्कांना ताप होता. तरुण, मितभाषी माणूस. त्यानं लॅब पाहिली, नमुने काढून सील केले. आक्का त्याच्या मागं सावलीसारख्या. शेवटी त्याला गाठून विचारलं, "सायेब, तुमी पेंड इकता का?"

"नाही मावशी. आम्हाला ते चालतच नाही."

"घरचं कुनी?"

"नाही."

"मंग बरं हाय," म्हणून त्यांनी श्वास सोडला. अहवाल येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. मी पास होणार म्हणून शंभरदा सांगितलं. त्या फक्त मान हलवायच्या. पास झाल्याचं कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "आता ठेवायचा कसा?" एवढंच म्हणाल्या.

शिक्का असलेली पहिली गाडी नेवाशाला गेली आणि संध्याकाळी तशीच परत आली. त्या गावानं एकही पोतं उतरू दिलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "ते म्हनत्यात, शिक्का आसंल तर इख. तुमीच भोंग्यावरून सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी आक्का मला घेऊन तिथं गेल्या. सरळ म्हाताऱ्याच्या वस्तीवर. कालवड आता गाभण होती, पोट दिसू लागलेलं. आक्कांनी पोतं अंगणात ठेवलं, पण जवळ नेलं नाही.

म्हाताऱ्यानं पोत्याकडे पाहिलं. "बाई, नावावर इश्वास ठिवला तर तीन गेल्या. शिक्का बघून घेतलं तर त्योबी खोटा. आता मी कशावर ठिवू?"

आक्का माझ्याकडे वळल्या. मी सुनेला सांगितलं, शिक्क्यावरचा नंबर मोबाईलवर टाकून बघता येतो, तो कुणाला दिलाय ते. तिनं मोबाईल आणला, एकेक आकडा पोत्याशी ताडून टाकला, दोनदा चुकला, पुन्हा टाकला. मग मोठ्यानं वाचलं. आमच्या कारखान्याचं नाव, आमचा पत्ता, पशुखाद्य.

"आता पाण्याच्या टाक्या न्हाईत," ती म्हणाली आणि सासऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

सुनेनं पोत्याची शिवण उसवली. ओंजळ भरली, वास घेतला आणि दावणीत टाकली. कालवडीनं नाक लावलं, क्षणभर थांबली, आणि खाऊ लागली.

आक्का तिच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"झालं की," थोड्या वेळानं मी म्हणाले. "चला आक्का, अंधार पडायच्या आत नगर गाठू."

"तुमी जावा गाडीनं," त्या म्हणाल्या. "मी सकाळच्या यष्टीनं येते."

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. पिकअप वस्तीच्या वळणावर पोचली तेव्हा मी मागं पाहिलं. गोठ्याच्या दाराशी पालथ्या घमेल्यावर आक्का बसल्या होत्या. सून त्यांच्या हातात चहाचा कप देत होती. त्यांनी तो घेतला, पण ओठाला लावला नाही. नजर कालवडीवरून काढायची त्यांची तयारी नव्हती. सून थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली, मग तीही त्यांच्या शेजारी खाली बसली.